थोरल्या घरच्या दारात

आमच्या बाईंना कोणी साधं "बसा" म्हणालं तरी मला अजून धडकी भरते. बसायला सांगितलं की त्या बसतात, आणि एकदा बसल्या की त्यांना उठवणं कोणाच्या बापाला जमत नाही. थोरल्या घराला हे आधी कोणी कानात सांगितलं असतं, तर त्यांनी त्या दिवशी अख्ख्या कारखान्यात एकही खुर्ची ठेवली नसती.

थोरलं घर म्हणजे कोण, ते आधी सांगतो. माझी नोकरी अणुभट्ट्या आणि अणुइंधनाचे कारखाने तपासणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संस्थेत. वीज किंवा औषधं करायला म्हणून घेतलेलं सामान गुपचूप बॉम्बकडे वळत तर नाही ना, हे आम्ही देशोदेशी जाऊन बघतो. पिंपं मोजतो, त्यांतली मनाला येतील ती काट्यावर चढवतो, टेबलं आणि कपाटं पांढऱ्या कापडाच्या तुकड्याने पुसतो आणि धूळ कसल्या सामानाची ते कळावं म्हणून ते तुकडे पिशवीत बंद करून प्रयोगशाळेला पाठवतो. या धंद्यात देशांची नावं उघड घ्यायची सोय नसते, म्हणून मी जगाचं एक एकत्र कुटुंब करून टाकलं आहे. सगळ्यांत बलाढ्य देश तो थोरलं घर. त्याची कोठारं बॉम्बनी भरलेली, आणि बॉम्ब किती वाईट यावरचं सगळ्यांत मोठं भाषणही त्याचंच. त्याचा एक लाडका मित्रदेश आहे, तो जावई. जावयाच्या माजघरात काय दडवलंय हे साऱ्या गल्लीला ठाऊक, पण जावयाला विचारायचं कसं? तिथे आम्हाला कोणी पाठवतही नाही. उरली ती धाकटी घरं. त्यांनी चूल पेटवली तरी धूर कसला म्हणून थोरल्या घरातून लगेच विचारणा. 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण ज्याने केली, त्याला परराष्ट्र धोरण पुरतं कळलेलं होतं.

आमच्या नियमाप्रमाणे तपासायला कायम दोघं जातात. माझ्या जोडीला बाई. त्या आधी शाळेत विज्ञान शिकवायच्या, म्हणून सगळी संस्था त्यांना बाईच म्हणते, वरचे साहेबसुद्धा. मला त्या वकीलसाहेब म्हणतात, कारण मी प्रत्येक गोष्टीवर वाद घालतो. घालतोच. न भांडता काम करणाऱ्या माणसांवर माझा विश्वास नाही, अपवाद एकट्या बाईंचा. त्या भांडत नाहीत. त्या बसतात.

ही बसण्याची रीत आमच्या संस्थेतली जुनीच आहे. एखादं दार बंद दिसलं आणि यजमान किल्ली नाही म्हणाले, तर त्या दारासमोर बसायचं. दार उघडेपर्यंत, नाहीतर कारखाना बंद होईपर्यंत. खाणंपिणं नाही, आणि दोघांपैकी एकाने तरी जागचं हलायचं नाही, कारण आपण चहाला गेलो की आतलं सामान कुठे जाईल सांगता येत नाही. शेवटपर्यंत दार उघडलं नाही तर त्याला आपलं सील ठोकायचं आणि निघायचं. सील म्हणजे कोटाच्या बटणाएवढी धातूची चकती आणि तिच्यातून ओवलेली तार. नेलकटरनेही कापता येते. पण कापली की कापलेली दिसते, आणि मग जगाला उत्तर द्यावं लागतं.

ही रीत मी पहिल्यांदा मनापासून शिव्या देत पाळली ती एका धाकट्या घरी. छोटा देश, छोटी अणुभट्टी. तिथे इस्पितळांसाठी औषध तयार होतं, कॅन्सरच्या गाठी शोधायला आणि जाळायला लागतं ते. भिंतींना कमरेपर्यंत हिरवा रंग, एका नळाखाली बादली, आणि बादलीचं पाणी वेळेवर ओतायला नेमलेला माणूस. तिथले अधीक्षक हडकुळे आणि तिरसट, सदऱ्याची कॉलर विरलेली पण इस्त्री कडक. सकाळपासून त्यांनी आम्हाला एकेक पिंप स्वतः दाखवलं. आणि पॅसेजच्या टोकाला आलं एक बंद दार.

"याची किल्ली?" बाईंनी विचारलं.

अधीक्षकांचा चेहरा पडला. "स्टोअरकीपरकडे. तो बहिणीच्या लग्नाला गेलाय. किल्ली खिशातच घेऊन गेला गाढव. शब्द देतो, आत तसलं काही नाही."

"हरकत नाही, थांबतो आम्ही," बाई म्हणाल्या, आणि तिथलंच एक स्टूल ओढून बसल्या.

अधीक्षकांनी माणूस मोटरसायकलवर पिटाळला. कुलूप फोडायला परवानगी द्या म्हणून मंत्रालयाला फोनही केला, आणि तिथेच घात झाला. फोनवरची गोष्ट कुठून कशी पाझरली देव जाणे, पण दुपारी मी हात धुवायला कँटीनकडे गेलो, तर टीव्हीवर थोरल्या घरचा प्रवक्ता गंभीर तोंड करून सांगत होता की, तपासनिसांना प्रवेश नाकारण्यात आला आहे. मी तिथे टॉवेलला हात पुसत उभा! मला कोणी काही नाकारलेलं नव्हतं. मी त्या टीव्हीशी इतक्या मोठ्याने भांडलो की कँटीनवाल्याने आवाज बारीक केला, टीव्हीचा.

संध्याकाळी स्टोअरकीपर आला, लग्नाच्या नव्या कपड्यांत, डोळे पाण्याने भरलेले. दार उघडलं. आत होत्या मोडक्या खुर्च्या, गंजलेले पंखे, फरशी पुसायचे काठीला बांधलेले बोळे आणि एक तळ गेलेला टब. अधीक्षक मान खाली घालून म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून सगळा पसारा इथे कोंबला आणि कुलूप घातलं. बरं दिसत नव्हतं हो."

पाहुणे यायचे म्हणून आपण घरोघरी जे करतो, तेच त्या माणसाने अणुभट्टीत केलं होतं. बाईंनी तरीही प्रत्येक पंखा पुसून घेतला, आणि अहवालात लिहिलं की दार उशिरा उघडलं, आत मोडकं सामान आहे, आक्षेप नाही. पण अहवाल वाचतो कोण? टीव्ही सगळे बघतात. थोरल्या घराने 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' त्या भट्टीच्या पंपांचे सुटे भाग अडवले, बाकीच्यांनी त्याची री ओढली, आणि भट्टी कित्येक महिने थंड पडली. औषध बंद. त्या औषधाची वाट बघणारी माणसं इस्पितळांत खाटांवर पडून होती. त्यांना त्या प्रवक्त्याचं नावही माहीत नसेल.

पंपांचं प्रकरण अजून घडायचं होतं. पण त्या संध्याकाळी फाटकापर्यंत सोडायला आलेल्या अधीक्षकांना पुढचं सगळं आधीच दिसत होतं.

"बाई, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"त्या बड्यांच्या दारात तुम्ही अशाच बसाल का हो?"

मी वकिली उत्तर द्यायला तोंड उघडलं, तोवर बाई म्हणाल्या, "बोलावलं तर बसेन."

"बोलावणार नाहीत."

"तो त्यांचा प्रश्न. बोलावलं तर बसेन, हा माझा शब्द."

मला वाटलं, चला, शब्द द्यायला काय जातंय! थोरलं घर कुठलं आपल्याला बोलावतंय!

पण बोलावलं. झालं असं की, जगात कुरकूर वाढली होती. आम्हालाच का तपासता, जावयाला का नाही, तुम्हाला का नाही, असं धाकटी घरं सभांमधून बोलायला लागली. मग थोरल्या घराने औदार्य दाखवायचं ठरवलं. त्यांच्यावर तपासणीचं बंधन नाही, बळी तो कान पिळी. तरीही त्यांनी स्वखुशीने त्यांचा एक इंधनाचा कारखाना तपासायला देऊ केला. कागदावर मोठ्या रुबाबात लिहिलं, 'इतर कोणत्याही देशाप्रमाणेच, नेहमीच्या सर्व पद्धतींनुसार.' वर बाईंचं नाव त्यांनी स्वतःच सुचवलं, कारण धाकट्या घरांचा बाईंवर विश्वास होता.

आणि नेमकं त्याच सुमारास आमच्या तपासणी विभागाचं प्रमुखपद रिकामं झालं. बाईंचं नाव सगळ्यांत वर होतं. निवड समिती करते, पण थोरल्या घराने मान हलवली नाही तर समितीचं घोडं पुढे सरकत नाही, हे शिपायालाही माहीत असतं. म्हणजे ही तपासणी हीच बाईंची मुलाखत.

पदाचं अप्रूप बाईंना नव्हतं, पण त्या पदाला फिरती नाही. बाईंचं निम्मं वर्ष विमानात आणि दुसऱ्यांच्या कारखान्यांत जातं. त्यांचे पती दातांचे डॉक्टर, घर तेच सांभाळतात, आणि दहा वर्षांच्या मुलीला आई म्हणजे फोनमधून 'गृहपाठ झाला का' विचारणारी बाई. निघायच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली.

"काका, आई प्रमुख झाली की रोज घरी येणार ना?"

"रोज. ऑफिस सुटलं की दारात हजर."

"आणि तिची बॅग?"

"माळ्यावर टाकायची."

ती इतकी हसली की तिला ठसका लागला. बाई तिच्या पाठीवर हात फिरवत होत्या आणि माझ्याकडे बघत नव्हत्या. मी मनाशी ठरवलं, काहीही होवो, ही बॅग माळ्यावर गेलीच पाहिजे.

विमानात मी बाईंना शिकवायला लागलो. "चार पिंपं मोजायची, चार टेबलं पुसायची, फोटोला हसायचं, जेवायचं, परत यायचं."

"बरं," बाई म्हणाल्या. बाईंच्या 'बरं'चा अर्थ 'ऐकलं' इतकाच असतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

थोरल्या घरचा कारखाना कसला, आरसाच. फरशीत आपलं तोंड दिसत होतं. स्वागताला एक शिष्टाचार अधिकारी, इतका गोड बोलणारा की मला कानात साखर साचल्यासारखं झालं. त्यांचे उपमंत्री जेवायला यायचे होते. पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं मी येताना पाहून ठेवली होती, आणि फोटोग्राफर सकाळपासून आमच्या पुढेपुढे उलटा चालत होता. बाईंनी काम मात्र नेहमीसारखंच केलं. पिंपं मोजली, काट्यावर चढवली, कपाटं पुसली. अधिकाऱ्याला वाटलं आता संपलं. त्याने हात जेवणघराकडे केला, आणि बाई एका दारासमोर थांबल्या. बाकी सगळ्या दारांवर नंबर होते, याच्यावर नव्हता. दारापाशी एक मध्यमवयीन पहारेकरीण उभी होती.

"हे काय आहे?"

कारखान्याच्या व्यवस्थापकाने अधिकाऱ्याकडे पाहिलं, अधिकाऱ्याने व्यवस्थापकाकडे. "ते... स्टोअर आहे," व्यवस्थापक म्हणाला. "किल्ली ज्याच्याकडे असते तो आज रजेवर आहे."

मी जीभ चावली. रजेवर! निदान लग्नाला तरी पाठवायचा होता.

"हरकत नाही, थांबतो आम्ही," बाई म्हणाल्या. "एक खुर्ची मिळेल का?"

अधिकाऱ्याला वाटलं, बाईमाणूस, दमली असेल. "अवश्य, अवश्य! बसा ना, बसा." स्वतः गादीची खुर्ची आणली बिचाऱ्याने. बाईंनी ती उचलून दाराच्या बरोबर समोर ठेवली आणि बसल्या. पिशवी मांडीवर, हात पिशवीवर. मला ती बैठक ओळखीची होती.

अधिकाऱ्याला कळायला वेळ लागला. आधी त्याने जेवण निवतंय म्हणून सांगितलं. मग उपमंत्री निघाले म्हणून सांगितलं. मग हसू आटोपतं घेऊन म्हणाला, "मॅडम, ही तपासणी ऐच्छिक आहे. आम्ही आपणहून बोलावलंय."

"हो ना, आभारी आहे. म्हणून तर आले."

"मग त्या दुसऱ्या देशासारखं इथे करण्यात काय अर्थ आहे? तिथली गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं?"

"त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही."

बाईंनी दाराकडे पाहिलं. "दार तर सारखंच आहे," त्या म्हणाल्या. चेष्टा नव्हती त्यात. वर्गात पोराने चुकीचं उत्तर दिलं की त्या अशाच बोलत असणार.

अधिकारी फोन लावायला गेला, तशी मी बाईंपाशी वाकलो आणि दबक्या आवाजात भडकलो. "बाई, हे काय मांडलंय? आत मोडक्या खुर्च्याच असणार इथेही. उठा. ती प्रमुखाची खुर्ची हवीये ना तुम्हाला? मग ही सोडा!"

"वकीलसाहेब, तुमच्यासाठीही एक आणा. एकट्याने बसणं नियमात नाही."

"पोरीला काय सांगाल?"

बाईंच्या पायांना सूज यायला लागली होती, त्यांनी चपलांतून टाचा काढल्या. "तेच बघतेय मी," त्या म्हणाल्या. "रोज संध्याकाळी घरी जाईन. ती विचारेल, आई, आज काय केलंस. आणि मी काय सांगू? की एका माणसाच्या दारात दिवसभर बसले, त्याची अब्रू गेली तरी बसले, आणि दुसऱ्याने जेवायला बोलावलं तशी उठले?"

"तुम्ही काही त्याची अब्रू घालवली नाहीत."

"बसले होते ना मी तिथे. ते बसणं खरं होतं की नाही, ते आज ठरायचंय."

मी गेलो आणि जेवणघरातून एक खुर्ची उचलून आणली. पांढऱ्या चादरींवर सूप येत होतं, त्याच्या वासाने जीव कासावीस झाला. माझ्या आयुष्यात मी फार कमी वेळा शहाण्यासारखा वागलोय, त्यातली ही एक. नाकाने सूप घेत मी बाईंच्या शेजारी जाऊन बसलो.

बाईंचं लक्ष तेवढ्यात पहारेकरणीकडे गेलं. ती सकाळपासून उभीच होती, आणि हळूच एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती.

"गुडघे का?" बाईंनी विचारलं.

"फार," ती म्हणाली. "पण दार सोडायचं नाही, असा हुकूम आहे."

"आम्हालाही तोच आहे. या, बसा थोडा वेळ, मी उभी राहते."

आणि ती बसली! उपमंत्री लवाजमा घेऊन पॅसेजमध्ये आले, तेव्हा त्यांची पहारेकरीण बाईंच्या खुर्चीत टेकलेली, बाई शेजारी उभ्या, आणि मी पोटावर हात ठेवून मध्ये. फोटोग्राफरने सवयीने एक फोटो काढलाही. तो पुढे कुठे छापून आला नाही. मला मात्र तो हवा होता, फ्रेम करून लावला असता.

उपमंत्री हसतमुख माणूस. त्यांनी आपल्या माणसांना हाताने लांब केलं आणि आवाज खाली आणला. "बाई, मी शब्द देतो तुम्हाला, आत काही नाही."

"तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे," बाई आदराने म्हणाल्या. "पण त्या दिवशी अधीक्षकांनीही शब्द दिला होता. तो तुम्ही घेतला नाहीत."

उपमंत्र्यांचं हसू जागच्या जागीच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. "नव्या पदासाठी आम्ही तुमच्या नावाकडे फार आशेने बघत होतो."

'होतो.' मी ऐकलं. बाईंनीही ऐकलं. पिशवीवरची त्यांची बोटं एकदा घट्ट मिटली आणि सुटली. त्या क्षणी त्या घरी होत्या, ताटावर, मुलीच्या शेजारी, हे मला त्यांच्या तोंडावर लख्ख दिसलं. मला तिथेच ओरडावंसं वाटलं.

"आभारी आहे," बाई म्हणाल्या. "दार उघडताय?"

उपमंत्री वळले आणि जेवायला गेले.

दार उघडलं नाही. दुपार सरली, सफाईवाले आमच्या पायांभोवतीची फरशी पुसून गेले, शेवटी कारखाना सुटल्याची घंटा झाली. बाई उठल्या, पाय जमिनीवर नीट रोवले, पिशवीतून तार आणि चकती काढली. तेव्हा व्यवस्थापक खरा हादरला.

"हे इथे लावता येणार नाही! आमच्या कारखान्याला आजवर कोणी सील लावलेलं नाही!"

इथे माझी वकिली कामाला आली. दिवसभराची भूक माझ्या तोंडून बोलली. "इतर कोणत्याही देशाप्रमाणेच, नेहमीच्या सर्व पद्धतींनुसार," मी त्यांचाच रुबाबदार मजकूर त्यांना ऐकवला. "सही तुमच्या मंत्र्यांची आहे. हीच नेहमीची पद्धत. नको असेल तर किल्ली आणा, नाहीतर शब्द परत घेतला असं लेखी द्या. तेही मी आनंदाने नेईन." शिष्टाचार अधिकाऱ्याच्या तोंडातली साखर पार संपली होती.

बाईंनी कडीतून तार ओवली. उपाशी होत्या, आणि घाबरल्याही होत्या, का नसतील? मी कडी धरली, त्यांनी पक्कडीने पीळ दिला. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य देशाच्या दाराला एका माजी शाळाबाईंनी सील ठोकलं. पहारेकरणीने आम्हाला सलाम केला. तो नियमात होता की नाही, मला माहीत नाही.

टीव्हीवर त्या दिवशी काही आलं नाही. हॉटेलच्या खोलीत मी सगळी चॅनेलं पालथी घातली, प्रवक्ता हवामानाबद्दलसुद्धा बोलला नाही. महिनाभरात प्रमुखपदी एक गृहस्थ आले. चांगले आहेत, हसतात छान, बंद दार दिसलं की दुसऱ्या दाराने जातात. बाईंची बॅग माळ्यावर गेली नाही. मुलगी आईशी दोन दिवस बोलली नाही, आणि मग तिने मला फोन करून सगळं पहिल्यापासून विचारलं. मी सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने एकच विचारलं, "आईला भूक नाही लागली?" म्हटलं, लागली होती, तिच्या पोटातले कावळे मला ऐकू येत होते. त्या दिवशी जेवताना तिने वडिलांच्या हातातला डाव घेतला आणि आईला आधी वाढलं, असं बाई मला सांगत होत्या, आणि सांगताना रडत होत्या.

सील अजून जागच्या जागी आहे. आमची दुसरी जोडी बघून आली. व्यवस्थापक तक्रार करत होता की कारखान्याची लांब शिडी आतच अडकलीये, दिवे बदलायची पंचाईत होते. मग उघडा ना, म्हटलं तर म्हणे वरून परवानगी नाही. आमच्यासमोर उघडणं कमीपणाचं, आणि आमच्यामागे तार कापली तर जगाला ओरडून जे सांगत आले तेच अंगाशी येतं. तेव्हा थोरल्या घरचे दिवे सध्या टेबलावर टेबल ठेवून बदलतात.

पण मला सांगायचंय ते त्यानंतरचं. भट्टी पुन्हा सुरू झाली, जुने पंप कुठून कुठून दुरुस्त करून, आणि आम्ही पुन्हा त्या धाकट्या घरी गेलो. फाटकावर अधीक्षक स्वतः उभे. आमच्या धंद्यात बातमी छापावी लागत नाही.

"बसलात म्हणे," ते म्हणाले.

"बसले."

"उघडलं त्यांनी?"

"नाही."

अधीक्षकांचा आवाज चढला. "त्यांनी उघडलं नाही, आणि त्यांचं काय वाकडं झालं? आम्ही उघडलं, माफी मागितली, तरी आमची माणसं औषधाविना राहिली. मग बाई, उघडणारे आम्ही मूर्ख ठरलो ना?"

मी बाईंकडे पाहिलं.

"तुमचं दार उघडलं होतं," बाई म्हणाल्या, "म्हणून मला त्यांच्या दारात बसता आलं. नाहीतर मी कोणत्या तोंडाने बसले असते?"

अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. बाईंना नमस्कार करावा की हात मिळवावा हे त्यांना कळेना, म्हणून त्यांनी माझाच हात धरून जोरजोरात हलवला.

मग आम्ही कामाला लागलो. बाईंनी एक पिंप काट्यावर चढवलं, आणि वजन नोंदीपेक्षा थोडं कमी भरलं. पुन्हा चढवलं, पुन्हा तेच. काटा जुना झाला होता, हे आम्हा तिघांनाही दिसत होतं. तरी बाईंनी फरक जसाच्या तसा लिहिला आणि कागद अधीक्षकांपुढे सरकवला. त्यांनी सही केली. न कुरकुरता? छे! "अहो, आजच्या दिवशी तरी!" इथपासून सुरुवात करून फाटकापर्यंत ते आमच्याशी भांडत आले. इतका खुशीत भांडणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही.